तिरपा तुरा आणि तुरटीचं पाणी

"त्या तमासगिराची गाढवावरून धिंड काढा! ढोलकी फोडा! अख्खा फड वेशीबाहेर हाकला!"

भैरवगडचे महाराज उदाजीराव सिंहासनावर थयथयाट करत होते. आणि गुन्हा केवढा? तमाशाच्या वगात राजाचं सोंग घेणाऱ्या दौलतीनं पगडीचा तुरा उजवीकडे तिरपा लावला होता! तिरपा तुरा म्हणजे राजघराण्याचा मान. बाकीच्यांना तो परवानगीनं मिळे, आणि ती मिळवायला मुजरे करकरून अर्ध्या दरबारानं कंबरदुखी लावून घेतली होती.

खाली हात जोडून उभी होती दौलतीची बायको येसू. तिचा बाप राजवाड्याचा पगड्या बांधणारा. तो गेल्यावर हे काम येसूच करी. सकाळी महाराजांची पगडी, संध्याकाळी नवऱ्याची. हात जोडलेले असले तरी आतून ती नुसती धुमसत होती. उद्या आपल्या माणसाच्या तोंडाला काळं फासतील, तेही एका झुपकेदार गोंड्यापायी!

"शास्त्रीबुवा," महाराज गरजले, "सांगा हिला, तुरा तिरपा का ते!"

राजइतिहासकार त्र्यंबकशास्त्री पुढे सरसावले. सातशे पानांची बखर त्यांनी लिहिली होती. ती वाचलेला माणूस मात्र राज्यात अजून सापडायचा होता.

"महाराजांचे पणजोबा रणात उभे होते. डावीकडून सणसणत बाण आला, तुरा उजवीकडे कलला, पण पणजोबा तसूभर हलले नाहीत! तेव्हापासून आपला तुरा तिरपा. तमासगिरांनी त्याची नक्कल केली!"

"उलटं हाय, सरकार," येसू म्हणाली. "तुरा आमच्या फडातनं वाड्यात आला."

दरबारात कुणाला तरी ठसका लागला. महाराज लाल झाले. "सिद्ध कर! आत्ताच्या आत्ता! पण कागद चालणार नाही, साक्षीदार चालणार नाही आणि आमच्या पगडीला तुझा हात लागता कामा नये. जमलं तर दौलती सुटला. नाही जमलं, तर त्याच्यामागं दुसऱ्या गाढवावर तू!"

शास्त्रीबुवा खुदकन हसले. येसूनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते हसू मिशीतच विरलं.

"शास्त्रीबुवा, दसऱ्याला सरकारांच्या तुऱ्याला आंघोळ घालता, ते पाणी कशाचं असतं वो?"

"तुरास्नान! गंगाजल आणि तुरटी. मी त्यावर चाळीस पानं लिहिली आहेत."

"आनि तुरटी कशापायी?"

हे त्या चाळीस पानांत नव्हतं. पण विद्वान माणूस गप्प कसा बसेल? "तुरटीनं रक्त थांबतं. रणातल्या जखमेचं ते स्मरण आहे!"

"बाण तर तुऱ्याला लागला म्हनलात. मग रक्त कुनाचं, तुऱ्याचं?"

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांनी डोळे वटारले, पण त्यांच्याही ओठांचा कोपरा हललाच.

"सरकार," येसू म्हणाली, "पगडीला माझा हात लागनार न्हाई. दिवा लागला तर चालंल का?"

"म्हणजे?"

"आधी शास्त्रीबुवांचा तुरा घ्या. त्यांनी तो सरकारांचा बघून नुसता शिवून घेतलाय, त्याला तुरास्नान न्हाई."

महाराजांनी नुसती भुवई उचलली. शास्त्रीबुवांनी कुरकुरत तुरा उसवून दिला. येसूनं तो चिमट्यात धरून समईच्या ज्योतीवर नेला. भप्! तुरा असा पेटला, की भिस्त्याला पाण्याची पखाल घेऊन धावावं लागलं. शास्त्रीबुवा डोळ्यांदेखत बोडक्या पगडीचे झाले.

"आता सरकारांचा. दिवा तुमीच धरा."

"महाराज, नको! डोक्याला आग लागेल!" सगळा दरबार ओरडला. महाराज हट्टी. जे नको म्हणावं, ते आधी करायचं! त्यांनी निरांजन उचललं आणि स्वतःच्या तुऱ्याला भिडवलं. भिस्ती पखालीचं तोंड सोडून तयारच होता. दिवाणजींनी डोळे मिटून घेतले.

एक, दोन, तीन... तुऱ्याचं टोक काळवंडलं. धूर आला. पण तुरा काही पेटला नाही!

"अरेच्चा!" महाराज म्हणाले.

"आमच्या फडात मशालजी डाव्या अंगाला उभा ऱ्हातो," येसू सांगू लागली. "राजा बोलाया लागला की मशाल त्याच्या तोंडाजवळ. सरळ तुरा दोनदा पेटला, म्हनून माझ्या पणज्यानं तो उजवीकडं कलवला. तरी ठिनगी उडतीच. म्हनून दर हंगामाला तुरटीच्या पान्यात बुडवायचा, मंजी पेट घेत न्हाई. पणज्यानंच पुढं तुमच्या पणजोबांस्नी तसा तुरा बांधून दिला. पानी आमच्याकडनं आलं, मंत्र तुमी घातलात."

"पण नक्कल तुम्ही केली नाही कशावरून?" शास्त्रीबुवा किंचाळले. "तुरा आणि तुरटी, दोन्ही चोरली असेल!"

येसू त्यांच्याकडे न वळता महाराजांनाच म्हणाली, "चोरानं तुरा न्यावा, तुरटी न्यावी. पर सरकार, बानाला तुरटी कशाला लागती? तुरटी लागती ती मशालीला! आनि वाड्यात तुमच्या कानाशी मशाल धरायची कुनाची छाती हाय?"

महाराज काळवंडलेल्या टोकाला बोट लावून त्याचा वास घेत बसले. आणि एकाएकी त्यांचं पोट हलू लागलं.

"आमच्या आजीसाहेब म्हणायच्या," ते हसता हसता कसेबसे बोलले, "पणजोबा रणात कमी आणि तमाशाच्या कनातीत जास्त सापडायचे! आम्हाला वाटायचं, सासऱ्याचा राग आहे म्हणून बोलतात!"

मग ते इतके हसले, की पगडी घसरून नाकावर आली, आणि महाराज हसतायत म्हटल्यावर सगळा दरबारही हसला.

"दौलतीला सोडा! दसऱ्याला फड वाड्याच्या चौकात उभा राहील. येसू, तुला सोन्याचे बिलवर आणि भरजरी लुगडं. आणखी काय हवं?"

"डाव्या अंगाला धरायला मशालजी पायजे, सरकार. आमचा म्हातारा झालाय."

"दिला!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "शास्त्रीबुवा, दसऱ्याला मशाल तुम्ही धरायची. तुमच्या पगडीला आता पेटायला तुराही उरलेला नाही!"