ठेच, मूळ आणि कुऱ्हाड

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाही निकाल म्हातारेच द्यायचे.

एका गावात वेशीपासून देवळापर्यंत दगडी फरसबंदी वाट होती. वाटेच्या कडेला नांदरुकीचं मोठं झाड. पूर्वजांनी फरशी थेट त्याच्या बुंध्याला भिडवली होती, म्हणून मुळं दगड उचलून वर यायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे अंगठे फुटायचे. यावर गावाची एक रीत होती. ज्याला ठेच लागेल, त्याने ते मूळ तोडायचं. एकाने एकच. पाप वाटून घेतलं की कुणाच्याच अंगाला लागत नाही, एवढी अक्कल त्या पिकल्या डोक्यांत होती.

झाडापलीकडे लागूनच एका तरण्या कुंभारणीचं घर होतं. एके दिवशी बाजाराला निघालेली ती ठेचकाळली आणि डोक्यावरच्या मडक्यांच्या खापऱ्या झाल्या. सावलीत पान चघळत बसलेल्या म्हाताऱ्यांनी तिच्यापुढे कुऱ्हाड धरली. तिने खाली पाहिलं. वाटेकडचं एकच जाड मूळ उरलं होतं. मग वर पाहिलं. तेवढ्या एका मुळावर तगलेलं झाड तिच्या छपरावर कललं होतं.

"मला ठेच दगडाची लागली," ती म्हणाली. "बुंध्याजवळचे दगड काढा. वाट जरा वळवून घ्या."

म्हातारे खोखो हसले. सरळ वाट वाकडी करणारी सून गावाने पहिल्यांदाच पाहिली म्हणे.

"दगड आमच्या आज्यांनी बसवलेत, पोरी," सगळ्यांत थोरला म्हणाला.

"आणि झाड?"

"झाडाला कुठला आलाय आजा?"

तिने कुऱ्हाडीला हात लावला नाही. रीत मोडायला नको म्हणून थोरल्याने तिच्या नावाने घाव घातले आणि पुन्हा सावलीत जाऊन बसला.

वळवाच्या वावटळीत झाड घरावर आडवं झालं. आत तिचा नवरा चाकावर बसला होता. तो मेला.

म्हातारे दुखवट्याला आले. पडताना झाडाने फरशी उलथून टाकली होती. थोरल्याला तिचीच ठेच लागली. सवयीने त्याने कुऱ्हाड मागितली.

कुंभारणीने ती आणून त्याच्या हातात दिली. "तोडा, आजोबा. शोधा मूळ."

तो उन्हात उभा राहून दगडांकडे बघत राहिला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, झालं ते वाईटच, पण आता फरशी नीट बसेल.

तात्पर्य: झाड ज्यांच्या घरावर पडणार नाही, त्यांच्या हाती मुळांचा निकाल देऊ नये.