जंगलाचं वजन

माणसांनी तराजू करायच्याही आधीची गोष्ट. एका जंगलात दर उन्हाळ्याच्या शेवटी सगळ्या प्राण्यांचं एकत्र वजन व्हायचं. खडकावर एक लांबलचक ओंडका आडवा टाकलेला असे. त्याच्या एका टोकाला मोठी शिळा बांधलेली, दुसऱ्या टोकावर सगळ्यांनी चढायचं. प्राण्यांचं टोक खाली गेलं, की जंगलात कुणी उपाशी नाही असं ठरायचं आणि कोल्हा नगारा वाजवायचा.

त्या वर्षी नदीकाठचं सगळं कुरण हत्तीने अडवलं होतं. बाकीच्यांनी झाडांच्या साली चघळून दिवस काढले होते. तरी सगळे चढले आणि ओंडका धाडकन खाली टेकला.

"भरभराट!" कोल्हा ओरडला आणि त्याने टिपरू उचललं.

बरगड्या वर आलेली एक सशीण टुणकन खाली उतरली. ओंडका हलला नाही. मग चितळं उतरली, माकडं उतरली, साळिंदर उतरलं. ओंडका तसाच, आणि त्यावर एकटा हत्ती.

"रीत मोडता काय? चढा वर!" कोल्हा खेकसला.

"चढतो की," सशीण म्हणाली. "पण मग हत्तीदादांनी उतरायचं."

हत्तीला कुणाची भीती? सगळे पुन्हा चढले आणि तो डुलत डुलत उतरला. त्याबरोबर शिळा दाणकन जमिनीवर आदळली आणि बाकीचं सगळं जंगल हवेत लटकलं.

कोल्ह्याचं टिपरू उचललेलंच राहिलं.

"थांबलास का?" वरून सशीण ओरडली. "वाजव ना आता नगारा!"