खांबाईची खाच

"आधी खांबाला बांधून आणा, मग पाठवा माहेरी. सुटं जनावर दाव्याला परत येतंच असं न्हाई."

हे माझ्या कानांसाठी नव्हतं. शेवंताआत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, मागच्या पडवीत बसून माझ्या सासूबाईंना सांगत होत्या, आणि मी पलीकडे मोरीत आर्वीचं तोंड धूत होते. मोरीला वरच्या अंगाला झरोका आहे. घर बांधणाऱ्याला तो ठाऊक असतो, बोलणाऱ्यांना त्याचा विसर पडतो. सासूबाई म्हणाल्या, "वन्सं, हळू बोला." त्यावर आत्या म्हणाल्या, "हळूच तर बोलतीया."

आर्वी तीन वर्षांची आहे. तिची आई अनघा तापाने गेली तेव्हा ती जेमतेम उभी राहायला लागली होती. माघात माझं लग्न झालं आणि एकाच अक्षतेत मी शैलेशची बायको आणि आर्वीची आई झाले. ती मला 'वृंदा' म्हणते. सगळे तिला दटावतात, ती पुन्हा वृंदाच म्हणते. मला त्यात वावगं काही दिसत नाही, नाव माझंच आहे.

चैत्रात माझी आई घरात घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि सोमवारी तिला घरी सोडणार होते. घरी तिच्याजवळ कोणी नाही. वडील नाहीत, भाऊ नाही, मीच आहे. आर्वीला घेऊन पंधरा-वीस दिवस राहून येते, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, "बघू. खांबाईचं तेवढं होऊ दे." म्हणून आम्ही कऱ्हाडहून बेलसांगवीला, शैलेशच्या मूळ गावी आलो होतो.

बेलसांगवीच्या खालच्या अंगाला तळं आहे आणि तळ्यात एक दगडी खांब उभा आहे. पावसाळ्यात त्याचं नुसतं डोकं दिसतं. चैत्रात पाणी आटतं तेव्हा भेगाळलेल्या चिखलावरून चालत त्याच्यापर्यंत जाता येतं. पुरुषभर उंचीचा, चौकोनी, काळा दगड. माथ्याला शेंदूर, खाली हिरव्या बांगड्यांचा आणि नारळाच्या शेंड्यांचा ढीग. आणि बाईच्या कमरेच्या उंचीवर, चारही बाजूंनी फिरलेली एक खोल खाच. बोट घातलं तर अर्धं आत जातं. हीच खांबाई. खराडे घराण्याची ही देवी, आणि तळ्याच्या काठावरचं अर्धं गाव खराडेच आहे.

तिची गोष्ट भिकोबा गुरव सांगतात. देवीची पूजाअर्चा त्यांच्याकडे पिढीजात आहे आणि गोष्टही. नव्या सुनेला खांबाजवळ उभं करायचं, बाकीच्यांनी काठच्या पायरीवर बसायचं, मग गोष्ट. आमच्याबरोबर त्या दिवशी पुण्याहून आलेलं एक जोडपंही होतं. त्यांना नवस नव्हता, नुसतं पाहायचं होतं. भिकोबांनी त्यांनाही बसवून घेतलं. आवाज त्यांच्यामुळे थोडा चढला असावा.

फार मागे, असे सांगतात, इथे तळं नव्हतं. ओढा होता, तोही पौषातच आटायचा. बायका दीड कोसावरून पाणी आणायच्या. एका दुष्काळात गावाने ठरवलं की ओढ्याला बांध घालायचा. खराडे त्या वेळी गावचे पाटील. त्यांनी हुकूम सोडला, घरटी प्रत्येकाने दगड वाहायचा, त्यातून कोणाचीच सुटका नाही. पाणी किती चढतं ते कळावं म्हणून ओढ्याच्या पात्रात आधी हा खांब पुरला.

पाटलाच्या थोरल्या लेकाची बायको बाळंतपणात गेली होती आणि मागे हैबती नावाचं पोर राहिलं होतं. त्याला सांभाळायला दुसरी केली, तिचं नाव भिवरा. वरच्या डोंगरातल्या गावची. फार बोलायची नाही, म्हणे. (भिकोबा हे सांगताना माझ्याकडे पाहून मान डोलावतात. सगळ्याच सुनांकडे पाहून डोलावत असतील.)

हैबती चालायला लागला आणि त्याला एकच छंद लागला, पळायचं. बांधाच्या कामावर बैलगाड्या, सुटे दगड, खोदलेले खड्डे. भिवराने दगड वाहायचे की पोरामागे धावायचं? सासूने तोड काढली. जुनं लुगडं फाडून त्याचा पट्टा केला. एक टोक पोराच्या कमरेला, दुसरं भिवराच्या, आणि मध्ये खांबाला वेढा. तिने खांबाजवळ बसून दगड फोडायचे, पोराने तेवढ्यातच खेळायचं.

"गाठ पोराची पुढं अन् बाईची पाठीमागं," भिकोबा म्हणाले. "पुढची गाठ कामात आडवी येती."

"डोक्यालिटी होती," पुण्याचे गृहस्थ म्हणाले. त्यांना कौतुक वाटलं होतं.

"होतीच की," आत्या पायरीवरून म्हणाल्या. "आमच्या घराण्यातली होती."

त्याच वैशाखात भिवराचा भाऊ तिला न्यायला आला, असे सांगतात. त्याचं लग्न ठरलं होतं. तो सकाळपासून काठावर बसून राहिला. सासू म्हणाली, बांध पुरा होऊ दे, मग ने. भाऊ म्हणाला, हळद तोवर थांबायची नाही. सासू म्हणाली, मग पोर कोण बघणार? तो एकटाच परत गेला. भिवराने उठून त्याला वेशीपर्यंत पोचवलं नाही. तिची माया पोरावर इतकी जडली होती की भावासाठीसुद्धा ती जागची हलली नाही.

मी त्या खाचेवरून बोट फिरवत होते. जागची हलली नाही हे खरंच असणार. हलणार कशी होती?

भाऊ गेला आणि दुपार टळताना वळीव आला. गावात थेंब नव्हता, वर डोंगरात फुटला. कोरड्या ओढ्यातून पाण्याची भिंत येते म्हणजे काय, ते पाहिल्याशिवाय कळत नाही, असं भिकोबा म्हणतात. त्यांनीही पाहिलेलं नाही. माणसं हातातलं टाकून बांधावर चढली. ज्याला ज्याची आठवण झाली त्याने त्याला ओढलं. बांधावर पोचल्यावर पाटलाच्या घरच्यांनी, त्यात हैबतीचा बापही होता, मागे वळून पाहिलं तेव्हा पाणी खांबाला भिडलं होतं.

भिवराने दातांनी पोराची गाठ सोडली. ती पुढे होती. स्वतःच्या गाठीपर्यंत तिचा हात गेला नाही, आणि भिजलेली गाठ तशीही सुटत नाही. तिने हैबतीला खांद्यावर घेतलं, खांद्यावरून खांबाच्या माथ्यावर चढवलं, आणि सुटलेल्या टोकाने त्याला माथ्याला बांधलं. पाणी तिच्या गळ्याशी आलं तेव्हा ती बांधाकडे तोंड करून ओरडली, "याचे दुधाचे दात पडेपर्यंत याला एकटं सोडू नका!" मग पाणी तिच्यावरून गेलं. पोराच्या पावलांना लागलं आणि तिथेच थांबलं. पुढे एक बोट चढलं नाही.

ओढ्याच्या त्या आवाजात हे शब्द बांधावर स्पष्ट ऐकू आले, असे सांगतात.

"ती रडली का?" आर्वीने विचारलं. ती शैलेशच्या मांडीवरून उतरून माझ्याजवळ आली होती.

भिकोबा क्षणभर अडखळले. गोष्टीत मध्ये कोणी विचारत नसावं. "न्हाई गं बाळ. देवी रडत नसती."

"तेव्हा देवी नव्हती ना पण. तेव्हा भिवरा होती."

"आर्वी, गप," सासूबाई म्हणाल्या.

सकाळी पाणी उतरलं. पोर माथ्यावर झोपलेलं होतं, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. खाली खांबाला लुगड्याचा वेढा तसाच होता आणि कमरेचा फास तसाच होता, गाठीसकट. पण फासात भिवरा नव्हती. ओढ्याकाठी दोन गावं शोधलं, सापडली नाही. तेव्हा जाणत्यांनी ओळखलं, बाई वाहून गेली नाही, ती खांबात शिरली. खांबाची खांबाई झाली. आणि दगडाला जी खाच पडली ती तिच्या मायेच्या ओढीने.

"तिची गाठ काही सुटली न्हाई," भिकोबांनी हात जोडले. "आईची गाठ पाण्याला सुटत न्हाई, असं आहे हे." पुण्याच्या बाईंनी डोळे पुसले.

हैबती मोठा झाला, पाटील झाला, त्याला सात मुलगे झाले. सगळे खराडे त्याचे वंशज. भिवराचा वंशज कोणी नाही, तिला वेळ मिळाला नाही. हैबतीनेच पुढे ही चाल घातली. खराड्यांच्या घरात आईपण आलेल्या बाईने लेकरासह खांबाशी यायचं. तसंच लुगडं, तसाच वेढा. घरातल्या थोरलीने गाठ मारायची, लेकराची पुढे, बाईची पाठीमागे. मग बाईने शब्द द्यायचा, की लेकराचे दुधाचे दात पडेपर्यंत मी माहेरी वस्तीला राहणार नाही. शब्द दिला की थोरलीच गाठ सोडते. बाईने आपल्या हाताने सोडायची नाही, सोडली तर लेकराला पाण्याचं भय राहतं.

भिवरा ओरडली ती बांधावरच्या सगळ्यांना उद्देशून, हे गोष्टीतच आहे. हैबतीचा बाप तिथेच उभा होता, हेही आहे. तरी शब्द सुनेकडूनच घेतात. बापाने नारळ धरायचा असतो.

आजही खांबाई तिथेच उभी आहे. आजही लोक ती खाच दाखवतात आणि मायेची ओढ म्हणतात. मी लहानपणी आमच्या गावच्या विहिरीच्या काठाला अशीच खाच पाहिलेली आहे. तिथे रहाट बसायच्या आधी बायका पोहऱ्याचा दोर काठावरून ओढायच्या. माझ्या पणजीने ओढला, आजीने ओढला, तेव्हा कुठे दगडाला दोराएवढी वाट पडली. एका दुपारीत दगड झिजत नाही. लुगड्याने तर नाहीच. या खांबाला भिवराच्या आधी कोण बांधलेलं होतं आणि नंतर कोण, आणि त्यांनी किती ओढून पाहिलं, हे भिकोबांच्या गोष्टीत येत नाही.

गोष्ट संपली. पाऊस कुठेच नव्हता, ऊन होतं, शैलेश नारळ घेऊन उभा होता. तो वाईट माणूस नाही. आदल्या दिवशी मी त्याला विचारलं होतं, तर म्हणाला, "अगं, दोन मिनिटांचं काम आहे. वचनाचं पुढे बघू ना." पण माझ्या मोठ्या जाऊबाई त्यांच्या वडिलांच्या शेवटच्या आजारात सकाळच्या एस्‌टीने जाऊन संध्याकाळच्या एस्‌टीने परत येत असत. वडील पहाटे गेले. त्यांच्या धाकट्याचे त्या वर्षी दोनच दात पडले होते. हे त्यांनी मला भाकरी थापताना सांगितलं आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

आत्यांनी पिशवीतून लुगड्याचा पट्टा काढला. हिरवा होता, धुऊन धुऊन पांढुरका झालेला. आधी आर्वीला बांधला. तिने दोन्ही हातांनी गाठ धरली आणि माझ्याकडे पाहिलं. "वृंदा, मला आवडत नाही हे."

"देवाचं असतं बाळा," सासूबाई म्हणाल्या. "वृंदा न्हाई, आई म्हण. आज तरी म्हण."

आर्वीचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि आत सगळे दात दुधाचे होते. एकही हलत नव्हता. रोज सकाळी मीच तिला ब्रश करून देते, मला ठाऊक आहे.

पट्टा खांबामागून फिरून माझ्याकडे आला. तो बरोबर त्या खाचेत बसला. आत्या माझ्या पाठीमागे गेल्या. कापड पोटावर आवळलं गेलं आणि मला त्यांचा श्वास मानेवर जाणवला. "सरळ उभी ऱ्हा," त्या म्हणाल्या, आणि मी राहिले. लहानपणापासून मला सरळ उभं राहायला सांगितलं की मी राहतेच. समोर पायरीवर सगळे बसलेले होते. पुण्याच्या गृहस्थांनी मोबाइल वर धरला होता. कोणी वाईट नव्हतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर भाव इतका चांगला होता की त्यातून बाहेर पडायला फट सापडत नव्हती.

तेवढ्यात आर्वी माझ्या दिशेने यायला निघाली. पट्टा ताणला गेला, ती अडली आणि पडली. फार नाही, गुडघ्यावरच. पण रडायला लागली. मी वाकायला गेले आणि मागून आत्यांनी पट्टा ओढला. "थांब. गाठ हुईतो हलायचं न्हाई."

माझा हात आर्वीपर्यंत वीतभर कमी पडत होता.

मी मागे हात नेला. आत्यांची बोटं गाठीचा पहिला वेढा घेत होती. मी त्यांच्या हातातून पट्टा काढून घेतला. हिसकावला नाही, त्यांनी इतक्या आश्चर्याने धरला होता की तो सहज निघाला. मी आर्वीला उचलून कडेवर घेतलं. तिचं नाक माझ्या खांद्याला पुसलं गेलं.

"हे काय?" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. शैलेशच्या हातात नारळ तसाच होता.

लग्न झाल्यापासून या माणसांसमोर मी 'हो', 'वाढू का' आणि 'चालेल' यापलीकडे मोठ्याने काही बोलले नव्हते. माझा आवाज कसा निघेल ते मलाच माहीत नव्हतं. तो बराच साधा निघाला. पट्ट्याचं टोक पुढे धरून मी म्हणाले,

"गाठ पुढे मारा आत्या, माझा हात पोचेल अशी. भिवराची पुढे असती, तर त्या दिवशी दोघंही बांधावर चढली असती. आणि शब्द मागू नका, तो मी देणार नाही. सोमवारी मी आर्वीला घेऊन आईकडे चाललेय. राहायला."