ड्रिलची दुसरी मूठ

फार वर्षांपूर्वी आमच्या आळीत सकाळपासून घर्रर्र असा आवाज घुमायचा. तो कासम मिस्त्रींच्या मोठ्या ड्रिलचा होता. ते ड्रिल आपल्या अंगाला आवळलेल्या, दुसऱ्या हाताने धरायच्या बाजूच्या मुठीला हिणवायचं, "फिरायचं मी, तापायचं मी. तू नुसती चिकटून बस, ऐतखाऊ कुठली!"

मूठ म्हणायची, "फिर रे राजा. मी आहे."

एकदा भिंतीलगतच्या लोखंडी फाटकाला भोक पाडायचं होतं. मूठ भिंतीला अडू लागली.

"मिस्त्री, मला सैल करून पलीकडच्या अंगाला बसवा," ती म्हणाली.

"काढूनच टाका की तिला!" ड्रिल म्हणालं.

"एका भोकासाठी कोण खटाटोप करतं," म्हणत मिस्त्रींनी मूठ काढून पायरीवर ठेवली.

भोक आरपार होता होता ड्रिलच्या तोंडातलं भोक पाडणारं टोक, म्हणजे बिट, लोखंडात अडकलं. बिट थांबलं, पण ड्रिलचा जोर थांबेना. ते स्वतःच गरकन फिरलं आणि मिस्त्रींचं मनगट पिरगाळलं गेलं. बटणावरचं बोट सुटलं, म्हणून हाड वाचलं.

"मी मुद्दाम नाही केलं गं," ड्रिल रडवेलं झालं.

"ठाऊक आहे मला," पायरीवरून मूठ म्हणाली.

मिस्त्रींनी आधी प्लग काढला. मूठ पलीकडच्या अंगाला घट्ट आवळली. मग दोन्ही हातांनी धरून त्यांनी भोक पुरं केलं.

रोज संध्याकाळी मूठ काढून ड्रिल पेटीत जायचं. त्या दिवशी ड्रिल हळूच म्हणालं, "मिस्त्री, तिला राहू द्या."

मुठीसकट ते पेटीत मावेना, म्हणून मिस्त्रींनी ड्रिल तसंच फळीवर ठेवलं, सुजलेल्या मनगटाला फडकं गुंडाळलं आणि ते घराकडे निघाले.