पांढरा पेड

प्रभुदास महाराज उतारवयात नगरकडच्या बोरखडी गावी आले आणि तिथलेच होऊन राहिले. प्रभू येशूचे हे वेडे भक्त. हातात चिपळ्या घेऊन ते कीर्तनाला उभे राहिले की शेजारच्या आळीतली माणसेही येऊन भिंतीला टेकून बसत. देवळामागच्या खोपटात त्यांचे बिऱ्हाड होते. अंगण ते स्वतः झाडत आणि झाडता झाडता गात. कोणी खराटा घ्यायला पुढे झाले तर म्हणत, "थांब बाबा, माझी उपासना चालली आहे."

त्याच गावात शांतवन साळवे दोरखंड वळी. माणूस अक्षरशत्रू, पण भाव मोठा. एकदा त्याने महाराजांपुढे हात जोडले आणि सांगितले की मला वाचता येत नाही, लांबलचक प्रार्थना ध्यानात राहत नाही, तर मी देवाला काय म्हणावे?

महाराज हसले. "दोराला पीळ देतोस ना? मग पिळागणिक म्हण, 'प्रभू, तुझ्यासाठी.' मात्र एक आहे. त्याच्यासाठी म्हणून वळलेल्या दोरात कुजका वाख घालता यायचा नाही."

झाले! त्या दिवसापासून शांतवनाची पंचाईत झाली. दोराच्या पोटात घायपाताच्या धाग्यांचा जुना, सडका वाख दडपायचा आणि वरून चांगला गुंडाळायचा, हे त्या धंद्यात सगळेच करीत. आत कोण बघायला जातो? पण आता 'प्रभू, तुझ्यासाठी' म्हणायला तोंड उघडले की शांतवनाचा हात आपोआप थांबे. काम दुप्पट होऊ लागले, आणि तरी हा गडी पहिल्यापेक्षा खुशीत दिसू लागला.

देवळाचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींत जयवंत मास्तर मुख्य. त्यांना शास्त्र मुखोद्गत, आवाज खणखणीत. मास्तर डोळे मिटून प्रार्थनेला उभे राहिले की म्हाताऱ्यांची एक झोप होऊन दुसरी लागे. गाव त्या प्रार्थनेला पाठीमागे 'मास्तरांचे चऱ्हाट' म्हणे. समोर म्हणायची कोणाची छाती होती?

त्या वर्षी देवळासाठी पितळेची मोठी घंटा आली. उपकारस्तुतीच्या सणाला ती मनोऱ्यात चढवायची ठरले आणि दोर वळायचे काम शांतवनाकडे आले. तीन पेडांचा जाडजूड दोर त्याने मन लावून वळला. सणाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यावरून हात फिरवताना एका पेडात बोटांना काहीतरी मऊ लागले. उकलून पाहिले तर आत वीतभर वाख ओल खाऊन कुजलेला. शांतवनाने सगळा दोर सोडला, तो पेड काढून फेकला आणि नव्या वाखाचा वळायला घेतला. नवा वाख पांढरा निघाला. दोन पेड तांबूस आणि एक पांढराफेक, असा तो दोर दिसू लागला. या खटाटोपात त्या दिवसाची प्रार्थनासभा मात्र चुकली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चारचौघांत त्याची हजेरी घेतली. "देवळात यायला सवड नाही, आणि दोरात देव शोधतोस होय रे? दोराला ठिगळ लावणारा भक्त आम्ही पहिल्यांदाच पाहिला."

लोक हसले. शांतवन मान खाली घालून उभा राहिला. आपली दोन शब्दांची बडबड देवापर्यंत पोचते तरी का, ही शंका त्याला पहिल्यांदाच आली आणि त्याचे डोळे भरून आले.

दोर ओवायची कप्पी मास्तरांनी आणली होती. तिची कड फुटलेली पाहून शांतवनाने हळूच तसे सांगितले. "एका दिवसाचे तर काम, चालून जाईल," म्हणत मास्तरांनी त्याला गप्प केले.

पाच गड्यांनी दोर धरला. शांतवन सर्वांत पुढे होता. घंटा डोक्याच्या वर दोन हात गेली असेल, तोच मास्तरांनी हात वर करून थांबवले. अशा मंगल प्रसंगी प्रार्थना नको का? ते नेमके घंटेखाली जाऊन उभे राहिले, डोळे मिटले आणि चऱ्हाट सुरू झाले.

सगळ्यांचे डोळे मिटलेले. शांतवनाचे मात्र दोरावर होते. त्याने पाहिले, कप्पीच्या फुटक्या कडेने एक पेड कापला गेला. पाहता पाहता दुसराही तुटला. चार मणांची घंटा एका पांढऱ्या पेडावर लोंबकळू लागली.

"मास्तर, बाजूला व्हा!" तो ओरडला.

मास्तरांनी डोळे न उघडताच हाताने गप्प बसायची खूण केली. प्रार्थनेत व्यत्यय त्यांना खपत नसे. मास्तर खाली असताना गड्यांना दोर सोडता येईना. शांतवनाने दोर न सोडता जवळ उभ्या असलेल्या महाराजांकडे मान वळवली.

"महाराज, काय करू?"

"तुला येते ती प्रार्थना कर," महाराज म्हणाले आणि शांतपणे घंटेखाली चालत गेले.

शांतवन पुटपुटू लागला, "प्रभू, तुझ्यासाठी. प्रभू, तुझ्यासाठी." बोटभर जाडीचा तो पेड ताणला गेला, करकरला, पण तुटला नाही. महाराजांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, मोठ्याने "आमेन" म्हटले आणि त्यांना हाताला धरून बाहेर आणले. गड्यांनी दोर इंच इंच सोडला. घंटा जमिनीला टेकली, आणि त्याच क्षणी पांढरा पेड तटकन तुटला. केवढी ही देवाची करुणा!

मास्तरांनी वर पाहिले, खाली पाहिले. मग दोराचे तुटलेले टोक हातात घेतले.

"हा पेड तू कधी वळलास?" त्यांनी विचारले.

"काल, मास्तर. तुमी परार्थनेला बसला व्हता तवा."

 दुपारभर मास्तर शांतवनाच्या अंगणात बसून वाख निवडत राहिले, आणि कुजका धागा दिसला की स्वतःच बाजूला टाकत होते. दिवस मावळायच्या आत नवा दोर आणि नवी कप्पी लावून घंटा मनोऱ्यात चढली. मग लोकांनी सवयीने मास्तरांकडे पाहिले आणि म्हातारे पाय पसरून ऐसपैस बसले.

मास्तर उभे राहिले. 

"प्रभू, तुझ्यासाठी," ते म्हणाले. "आमेन."

आणि सगळ्या गावासमोर ते शांतवनाच्या पायांवर वाकले. शांतवन लाजून मागे सरकला, "आवं मास्तर, असं करू नका," म्हणत त्यांना उठवू लागला. महाराजांना हसू आवरेना.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात," महाराज म्हणाले. "आज उलटेच झाले. मास्तर आमचे शाबूत राहिले, आणि पीळ तेवढा गेला."