पाहुण्याची पाण्याची पाळी

एका चातुर्मासात मी नेम धरला होता. रोज दुपारी देवापुढे दिवा लावायचा आणि घरात जो कोणी असेल, लहान असो की थोर, त्याला एक गोष्ट सांगायची. ऐकायला कुणी नसलं तर तुळशीला सांगायची, पण दिवस रिकामा जाऊ द्यायचा नाही. त्या चार महिन्यांतली ही एक गोष्ट. हातातलं काम चालू ठेवलंत तरी चालेल, कान मात्र इकडे द्या.

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक छोटं राज्य होतं. तिथल्या राजानं एक पाठशाळा चालवली होती. मुलं सकाळी व्याकरण शिकत, गणित शिकत, वैद्यकी शिकत आणि संध्याकाळी अंगणात हुतूतू खेळत.

दर वर्षी सुगी संपली की देवीचा उत्सव येई. त्या दिवशी या पाठशाळेचे सात गडी आणि नदीपलीकडच्या पाठशाळेचे सात गडी देवळासमोर खेळत. सगळं राज्य बघायला लोटे. पण ओळीनं पाच वर्षं हार झाली. पोरं चपळ होती, अंगानं मात्र किरकोळ. नदीपलीकडचा एकेक गडी म्हणजे घराचा खांब.

पाठशाळेचे आचार्य राजाला म्हणाले, "महाराज, बाहेरच्या राज्यांतून चांगले गडी बोलवू. ते आपल्यासाठी खेळतील, आपण त्यांना हवी ती विद्या देऊ."

"मग आपली पोरं काय टाळ्या वाजवायला ठेवलीत?" गावातले जुने लोक म्हणाले. पण राजानं मान डोलावली आणि बाहेरून तीन गडी आले.

त्यातला ईरण्णा डोंगरापलीकडच्या माळरानावरचा. आचार्यांनी विचारलं, "तुला काय शिकायचं आहे, बाळ?"

"वैद्यकी," तो म्हणाला. "आमच्या गावापासून वैद्य तीन दिवसांच्या वाटेवर. धाकटी बहीण तापानं गेली तेव्हा वैद्य अजून वाटेतच होता. खेळ मला येतो, तो तुम्ही घ्या. विद्या मला द्या."

वैद्यकी तीन वर्षांची. ईरण्णानं पहिल्या दिवसापासून मन लावून शिकायला सुरुवात केली.

त्या पाठशाळेत एक रीत होती. झाडलोट, सरपण, दळण, विहिरीचं पाणी, सगळ्याच्या पाळ्या असत. राजाचा पुतण्या असो की कुंभाराचा पोर, पाळी कुणाला चुकत नसे. पण हे तिघं पडले पाहुणे. पाहुण्याला काम सांगायचं कसं? त्यांना वेगळी खोली दिली. जेवायला चंदनी पाट, ताटाभोवती रांगोळी, भातावर तुपाची धार. त्यांनी केरसुणीला हात लावला तरी आचार्य धावत येत. "अरे, ठेव ती. आम्हाला लाजवू नकोस."

आचार्यांच्या मनात पाप नव्हतं. प्रेम दाखवायची हीच एक रीत त्यांना ठाऊक होती.

इकडे बाकीची पोरं कुढत होती. सगळ्यांत जास्त कुढत होता कुंभाराचा गेनबा. ईरण्णा आला म्हणून गेनबाच्या धाकट्या भावाची सात गड्यांतली जागा गेली होती. पाण्याची घागर घेऊन जाताना तो ओसरीवर थांबे आणि म्हणे, "पाहुणे, सावलीत बसा हो. पाय दुखतील."

ईरण्णा खाली बघे. मग खोलीत निघून जाई.

उत्सव आला. हुतूतूत बचाव करणारे गडी एकमेकांचे हात धरून साखळी करतात. चढाईला आलेला गडी साखळीत अडकला तर बाद, साखळी तुटली तर तो निसटला. त्या वर्षी शेवटच्या चढाईला नदीपलीकडचा सगळ्यांत दांडगा गडी आला आणि नेमकी ईरण्णा आणि गेनबा यांच्या मधूनच साखळी तुटली. सहावी हार पदरी पडली.

"परक्याचा हात तो, घट्ट कसा धरेल?" लोक म्हणाले.

राजाला रोज हेच ऐकू येऊ लागलं. शेवटी त्यानं आचार्यांना बोलावलं. "आणखी एक वर्ष देतो. पुढच्या उत्सवात हरलात तर त्या तिघांना त्याच दिवशी वेशीबाहेर पोचवायचं."

म्हणजे ईरण्णाची विद्या अर्ध्यावर राहणार. पोटात कळ का येते ते त्याला समजेल, ती थांबवायची कशी ते समजणार नाही. असा अर्धा वैद्य घेऊन गावानं काय करावं?

आचार्यांनी खूप विचार केला आणि तुपाची धार दुप्पट केली.

पाठशाळेच्या स्वयंपाकघरात एक आजी होती. शंभर पोरांच्या भाकऱ्या तिच्या हाताखालून जात. एका सकाळी ईरण्णा तिच्या दाराशी उभा राहिला.

"काय रे, भूक लागली?"

"नाही, आजी."

"मग दारात का खांबासारखा उभा? धूर कोंडतोय माझा."

तो हळूच म्हणाला, "आजी, मला काहीतरी काम सांगा ना. घरी माझी आई दिवसातून दहा कामं सांगायची. वैताग यायचा. इथे वर्ष झालं, मला कुणी साधा तांब्या उचल म्हणालं नाही. मी इथे असलो काय आणि नसलो काय, कुणाचं अडत नाही."

आजीचा भाकरी थापणारा हात थांबला. मग ती म्हणाली, "विहिरीवर जा. मोठ्या पोहऱ्याचा दोर दोघांनी ओढावा लागतो. गेनबा एकटाच कुथतोय आज. त्याला सांग, आजीनं पाठवलंय."

गेनबा त्याला बघून हसला. "पाट आणला नाहीत का बसायला?"

"दोर कुठून धरू ते सांग," ईरण्णा म्हणाला.

पहिल्या दिवशी ईरण्णाच्या तळहाताला फोड आले. दोर ओढायला ताकद लागते, पण ताकदीनं भागत नाही. एकानं ओढला की दुसऱ्यानं अडवून धरायचा, मग त्यानं ओढायचा. दोघांचा श्वास जुळला नाही तर पोहरा भिंतीला आपटतो आणि अर्धं पाणी खाली जातं. आठ दिवस पाणी खालीच जात होतं आणि गेनबा बडबडत होता. "एवढं तूप खातोस, जातं कुठे?"

नवव्या दिवशी ईरण्णा म्हणाला, "तू घाई करतोस. मी सोडायच्या आधीच ओढतोस."

"मी?"

"हो. आणि हे मी आठ दिवस ऐकून घेतलं."

गेनबानं दोर सैल सोडला. मग दोघंही हसले.

आचार्यांनी पाहिलं तेव्हा ते कळवळले. "आजीबाई, पाहुण्याकडून पाणी ओढवता? देव काय म्हणेल?"

"देवाला मी उत्तर देईन," आजी म्हणाली. "लेकराला वर्षभर देव्हाऱ्यात बसवलंत, आचार्य. देव्हाऱ्यातल्याला नमस्कार करतात. त्याच्या खांद्यावर हात कोण ठेवतं?"

दुसऱ्या दिवसापासून पाट निघाले, रांगोळी थांबली. बाकीच्या दोघांच्याही पाळ्या लागल्या, एकाला दळण, एकाला सरपण. तिघं सगळ्यांच्या पंगतीत बसू लागले आणि तुपाची ती धार सगळ्यांच्या भातावर थोडी थोडी पडू लागली.

पुन्हा उत्सव आला. या वेळी खेळ असा रंगला की देवळाचा पुजारीही घंटा सोडून बाहेर आला. शेवटची चढाई आली तेव्हा आपली पाठशाळा दोन गुणांनी मागे होती. पुन्हा तोच दांडगा गडी चालून आला. त्यानं ईरण्णा आणि गेनबा यांच्या हातांवरच झेप घेतली. साखळी वाकली, जमिनीला टेकली, पण सुटली नाही. गडी अडकला. एक गुण मिळाला.

एकच मिळाला. हार झाली, एका गुणानं.

प्रधानजी उठले आणि त्यांनी राजाची आज्ञा वाचली. तिघा परक्यांनी आजच वेस ओलांडावी. ईरण्णा अंगाची माती झटकू लागला.

तेवढ्यात गेनबा पुढे आला. हात जोडून म्हणाला, "महाराज, उद्या पाण्याची पाळी माझी आणि ईरण्णाची आहे. हा गेला तर दोर कोण धरणार?"

"दुसरा कुणी देऊ," राजा म्हणाला.

"दुसरा नको, महाराज." गेनबानं मान खाली घातली. "मागच्या वर्षी साखळी तुटली नव्हती. मी हात सोडला होता. माझ्या भावाची जागा यानं घेतली म्हणून माझ्या मनात डूख होता. वेशीबाहेर काढायचं तर मला काढा."

राजा ईरण्णाकडे वळला. "हात तुझ्याच हातातून सुटला होता. तुला तर कळलं असेल."

"कळलं होतं, महाराज."

"मग वर्षभर गप्प का बसलास?"

"तेव्हा मी पाहुणा होतो," ईरण्णा म्हणाला. "पाहुण्यानं घरातल्या माणसाची तक्रार कशी करायची?"

"आणि आता?"

"आता आम्ही रोज भांडतो. हा दोर वेडावाकडा ओढतो."

राजाला हसू आवरेना. त्यानं प्रधानजींच्या हातातली आज्ञा मागून घेतली आणि फाडून टाकली. मग आचार्यांना म्हणाला, "यापुढे बाहेरचे गडी आणा किंवा घरचे खेळवा. जे वर्षभर पाळी करतील त्यांतूनच सात निवडा. त्यांचं गाव कोणतं ते मला सांगू नका."

पुढच्या वर्षी गेनबाचा भाऊही सातांत आला, ईरण्णाच्या शेजारी. पाठशाळा त्यानंतर कधी जिंकली, कधी हरली. ईरण्णा पुरा वैद्य होऊन आपल्या माळरानावर गेला आणि त्या गावात तापानं फणफणलेल्या लेकराला औषधासाठी तीन दिवस थांबावं लागलं नाही. दर सुगीला गेनबा मडक्यांची गाडी घेऊन त्याच्याकडे जाई. मुक्काम चार दिवसांचा. चारही दिवस ईरण्णाची आई त्याला कामाला लावी.

तात्पर्य: मानाच्या पाटावर बसवलेला माणूस परका राहतो, काम वाटून घेतलेला आपला होतो.

म्हणून माझी एवढीच विनंती. तुमच्या घरात नवी सून आली असेल, शेजारी परमुलखातलं कुटुंब राहायला आलं असेल, मुलाच्या शाळेत दूरचा पोर आला असेल. त्यांना फराळ द्या, जरूर द्या. पण त्या आजीसारखं एखादं छोटं काम सांगा, आणि तेही आजच सांगा.