विळा न लागणारा कुणगा

कोंडवळ्याची ही आख्यायिका पाहुण्यांना सांगण्याचे काम निवृत्त मुख्याध्यापिका शरयू वालावलकर यांच्याकडे आहे, आणि पाहुण्यांनी टाकलेली उसाची कांडी वेचण्याचेही. ओढ्याकाठचा भाताचा एक लहानसा तुकडा, येथल्या बोलीत कुणगा, दर वर्षी लावला जातो आणि कधीच कापला जात नाही. तेथे ऊस का वाहू नये, हे बाईंनी शंभरदा सांगितले आहे.

असे सांगतात की, फार पूर्वी एका माघात घाटावरून हत्तींचा कळप उतरला. चार दिवसांनी तो परतला. कळपाची थोरली, एक म्हातारी हत्तीण, तेवढी मागे राहिली. गावाने तिला देवरूप मानून पुढे ऊस ठेवला. तिने कांडे तोंडात घोळवले आणि टाकून दिले. देवीचा पुजारी असलेल्या गुरवाने निर्णय दिला: नैवेद्य नाकारला, म्हणजे कोप झाला, ढोल वाजवून हिला डोंगरात घालवा.

गावातल्या भागी नावाच्या म्हातारीला एकटीला ते पटले नाही. भागीच्या तोंडात एकही दात नव्हता आणि ओढ्याकाठच्या कुणग्यावाचून तिला जमीन नव्हती. तिने हत्तिणीचे शेण पाहिले होते. त्यात बांबूच्या काड्या जशाच्या तशा होत्या, न चावलेल्या.

“तिका दात नाय रे! डोंगरात धाडशात तर उपाशी मरात ती,” असे सांगत ती तीन दिवस दारोदार फिरली.

गावप्रमुख दाजी गावकार हसला. “आजये, ती तुजी सोयरीण काय गो?”

“सोयरीणच! दोगींकय ऊस चावाक येना नाय.”

सारे हसले, शेण पाहायला मात्र कोणी वाकले नाही. हत्तीला आयुष्यात सहा वेळा दाढा येतात आणि शेवटच्या झिजल्या की पुन्हा येत नाहीत, हे तेव्हा कोणाला ठाऊक? पण न चावलेली काडी ओळखायला विद्या लागत नाही, डोळे लागतात.

चौथ्या दिवशी ढोल निघाले. भागीने स्वतःच्या हातांनी कुणग्याचे कुंपण उपटले. हत्तीण आत शिरली आणि कोवळे उन्हाळी भात सोंडेने उपटून, मुळांची माती पायावर झटकून, घास घास खाऊ लागली. भागीचे वर्षाचे अन्न तिच्यादेखत संपत होते.

“आता तरी बघा!” भागी ओरडली.

ढोल थांबले. दाजी वाकला, शेणातली एक काडी उचलली आणि गुरवापुढे धरली.

तेथेच ठरले म्हणे: हत्तीण असेतो कुणगा तिचा, तिच्यामागेही त्याला विळा लागणार नाही, आणि भागीची पेज घरोघरी आळीपाळीने शिजेल. दाजीने होकार दिला, मग एकेका घराने. गुरवाने सर्वांत शेवटी, मान खाली घालून.

आजही लावणीच्या आदल्या दिवशी गाव कुणग्यापाशी जमतो आणि तोच ठराव पुन्हा विचारला जातो. होकार प्रथम गुरवाच्या घराने द्यावा, अशी भागीची अट होती. ती सर्वांनी मान्य केली, गुरवानेसुद्धा.